मुद्दाम खोलगट ठेवलेला साचा

अध्यक्षस्थानी बसलेले कारखान्याचे संचालक, व्यासपीठावरचे उत्पादन व्यवस्थापक आणि कामगार संघाचे सचिव, ज्यांच्या निमित्ताने आज दुसऱ्या पाळीला उशिरा सुरुवात होणार आहे ते सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांच्या शेजारी डोळे मिटून ऐकण्याची तयारी करणारे माझे यजमान, आणि पंख्याखालच्या जागा आधीच धरून ठेवलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

मी भाषण लिहून आणलं आहे. ते लिहावं लागलं, कारण सत्कारमूर्तींनी मला एक गोष्ट या सभागृहात, सगळ्यांच्या देखत सांगायला सांगितली आहे. तोंडी सांगायला गेले तर मी ती सौम्य करीन, अशी मला भीती वाटते. ते माझे दीर आहेत. दिराच्या निरोपाला वहिनीने काय बोलायचं असतं हे मला माहीत आहे. ते आज बोलता येणार नाही. कागदावरून वाचलं की माणसाला पळवाट राहत नाही, म्हणून हा कागद.

नवीन मंडळी मला ओळखत नसतील. या कारखान्यात संगणकावर साच्यांची गणितं करायचा विभाग मी सुरू केला आणि केस पिकेपर्यंत चालवला. निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली. मला इथे ‘बाई’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे. ते आज सांगायची गरज नाही.

आज तुमच्या घरची माणसं आली आहेत. आपला बाप, नवरा किंवा आई दिवसभर इथे काय करते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. वितळलेलं ॲल्युमिनियम पोलादी साच्यात जोराने भरायचं, ते गोठलं की साचा उघडायचा आणि गाडीचा एक सुटा भाग बाहेर काढायचा, हा आपला धंदा. शॉपमध्ये साच्याला ‘डाय’ म्हणतात. मी आज साचा म्हणणार आहे, कामगार बंधूंनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.

साच्याचे दोन अर्धे असतात. ते एकमेकांवर मिटले की मध्ये केसाएवढीही फट चालत नाही. फट राहिली तर धातू तिच्यातून बाहेर पडतो आणि मालाच्या कडेला पापुद्रा धरतो. त्याला फ्लॅश म्हणतात. फ्लॅश आला की माल घासत बसा, साचा साफ करत बसा, आणि कधी कधी भाजलेल्या माणसाला दवाखान्यात घेऊन जा.

ही फट राहू नये, हे सत्कारमूर्तींचं काम. एका अर्ध्याला निळा रंग पातळ फासायचा, दुसरा अर्धा त्यावर मिटायचा, पुन्हा उघडायचा आणि रंग कुठे लागला ते बघायचं. लागला तिथे उंचवटा आहे, तो दगडाने घासून उतरवायचा. सगळीकडे सारखा रंग लागेपर्यंत हेच. याला मॅचिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं ना? मग करून बघा. दुपारपर्यंत खांदा सांगतो काय आहे ते.

तो निळा रंग नखांतून जात नाही. म्हणून हे सगळ्यांचे ‘निळेकाका’. त्यांचं खरं आडनाव निम्म्या कारखान्याला माहीत नाही, आजच्या फलकावरही कुणीतरी आधी ‘निळे’च लिहिलं होतं. त्यांच्या लग्नात मुलीकडच्या एका आत्याबाईंनी माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, “मुलाला काही रक्ताचा आजार नाही ना? बोटं निळी दिसताहेत.” जाऊबाई, तुम्ही हसताय, पण तुमच्या घरात एकही टॉवेल पांढरा राहिलेला नाही हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचं आणि माझं कधी पटलं नाही. घरी वहिनी आणि भाऊजी. इथे गेटच्या आत आलो की ‘बाई’ आणि ‘ते मॅचिंगवाले’. दोघांनी मिळून तेच ठरवलं होतं आणि पाळलं.

भांडण कशावरून होतं? माझं म्हणणं असं, की साचा वाकतो. आत तापलेला धातू, मागे थंड पाणी, वरून यंत्राचा दाब. अशा अवस्थेत पोलादसुद्धा जागचं हलतं. किती हलतं ते यंत्र चालू असताना आत डोकावून बघता येत नाही, म्हणून संगणकावर त्या साच्याचे बारीक बारीक ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला सांगायचं की तू इतका तापलास, तुला इतकं दाबलं, आता सांग तू कुठे सरकलास. मग सगळ्यांची उत्तरं जोडायची. सुरुवातीच्या काळात शनिवारी गणित लावून घरी गेलं तर सोमवारीही ते चालूच असायचं. शिपाई विचारायचा, “बाई, याला बंद करू का? गरम झालंय.”

भाऊजी विचारायचे, “तुमच्या कॉम्प्युटरला डाय उचलता येते का?”

एकदा मी म्हटलं, नुसता साचाच नाही, ज्या यंत्रात तो बसवतो ते यंत्रही वाकतं. सगळं शॉप हसलं. एवढं धूड कसं वाकेल? मी डायल गेज, म्हणजे केसाएवढं हललं तरी काट्याने दाखवणारं माप, मागवला. साचा ज्यावर बसतो त्या यंत्राच्या जाड पोलादी पाटाला लावला, साचा मिटवायला सांगितला. काटा हलला. भाऊजी म्हणाले, “गेज खराब आहे.” दुसरा आणला, काटा हलला. “हाही खराब आहे.” तिसरा त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढला, ज्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तोही हलला. ते गेज पुसून परत कपाटात ठेवत म्हणाले, “वाकत असेल. पण सगळ्यांसमोर दाखवायची काय गरज होती?”

ही हसण्याची गोष्ट इथे संपली. मला दम लागतो, म्हणून थोडं पाणी पिते.

मी गेल्यावर विभाग माझ्या विद्यार्थिनीकडे आला. तुम्ही तिला ‘धाकटी बाई’ म्हणता. ती आज शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. मागे वळून बघू नका, ती उठून जाईल.

धाकट्या बाईने काय केलं, ते नीट ऐका. आजवर आम्ही गणित करून साच्याच्या पाठीमागच्या पट्ट्या कमी-जास्त करायचो. साच्याच्या चेहऱ्याला, म्हणजे दोन अर्धे जिथे भेटतात त्या पृष्ठभागाला, आम्ही कधी हात लावला नव्हता. तिने लावला. तिचं गणित सांगत होतं की तापल्यावर हा साचा मधोमध फुगेल आणि कडा उघड्या पडतील. हे माझे दोन तळहात बघा. मध्ये फुगले की बोटांकडे फट पडते. म्हणून तिने तो थंड असताना मध्ये किंचित खोलगट ठेवायला सांगितला. तापेल, फुगेल, आणि कामाच्या वेळी सपाट होईल. म्हणजे थंड असताना तो जुळणारच नव्हता. जुळू नये, हीच तर त्यातली युक्ती होती.

तिने हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं. ड्रॉइंग मशीन शॉपला गेलं. मशीन शॉपने बरहुकूम खोलगट करून दिला. तिथून साचा मॅचिंगच्या खोलीत गेला. आणि मॅचिंगच्या खोलीत ड्रॉइंग जात नाही. कधीच गेलेलं नाही. दोन अर्धे एकतर जुळतात किंवा जुळत नाहीत, त्याला ड्रॉइंग कशाला? भाऊजींचं आवडतं वाक्य तुम्हाला पाठ असेल: “कागद काय वाटेल ते म्हणेल, रंग बघा.”

नंतर काय झालं ते तुम्ही पाहिलं. साचा यंत्रावर चढला आणि चारही कडांनी धातू बाहेर फेकला. धाकटी बाई सांगत होती, थांबवा, थांबवा. पण सांध्यात अडकलेल्या धातूवरच यंत्राने साचा पुन्हा मिटला, कडा चेपल्या, आणि मोजून बघण्यासारखं काही उरलं नाही. बैठक बसली. बैठकीचा निष्कर्ष एका ओळीचा: संगणकाचं गणित चुकलं. साचे पूर्वीसारखे सपाट करावेत, विभाग महिनाअखेर बंद करावा, आणि धाकट्या बाईंना तयार मालाच्या खोक्यांवर शिक्के मारायला पाठवावं. तिने शिकलेल्या सगळ्याची किंमत एक शिक्का.

ती माझ्याकडे आली होती. रडली नाही. मला म्हणाली, “बाई, मी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.” तुमच्यापैकी ज्यांनी आयुष्यभर काही मोजलं आहे त्यांना हे वाक्य कळेल.

पुढच्या रविवारी भाऊजी आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला आले. माझे यजमान शाळामास्तर होते, त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट चालत नाही. त्यांनी विचारलं, “त्या मुलीनं नक्की काय चुकवलं, ते तरी कळू दे.”

मी म्हटलं, “काही चुकवलं असं मला वाटत नाही. तापल्यावर फुगतो म्हणून तिने साचा मध्ये खोलगट ठेवायला सांगितला होता.”

भाऊजींचा हात ताटावरच थांबला. “सांगितला होता?”

“हो. ड्रॉइंगवर.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम नाही तर काय? चुकून कोण खोलगट ठेवतं?”

“मला वाटलं, चुकून.”

“तुम्हाला कधी वाटलं? तुम्ही कुठे पाहिला तो?”

जाऊबाई म्हणाल्या, “अहो, आधी जेवा. कारखाना उद्या आहेच.”

भाऊजी जेवले नाहीत. म्हणाले, “वहिनी, मी त्या डायच्या कडा उतरवल्या. मध्ये रंग लागेचना. म्हटलं, पोरगी नवीन आहे, आकडा उलटा पडला असेल. साहेबांपर्यंत गेलं तर तिला सोलून काढतील. म्हणून बसलो आणि गुपचूप घासून सपाट केली. कुणाला बोललो नाही.” मग म्हणाले, “तुमची विद्यार्थिनी ना ती.”

“म्हणजे माझ्यासाठी केलंत?”

“मग काय शेजाऱ्यांसाठी केलं?”

माझे यजमान म्हणाले, “अरे, मग तू हे बैठकीत का नाही सांगितलंस?” भाऊजी म्हणाले, “दादा, मला वाटलं मी तिला वाचवलं, तरी डाय फेल गेली, म्हणजे तिची चूक माझ्या हाताबाहेरची असणार. वर अजून मी काय सांगू, की तिचा खोलगटपणाही चुकलेला होता? अजून एक काठी कशाला तिच्या पाठीत?”

श्रोतेहो, मी रागीट बाई आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवशी मला राग आला नाही. मला फक्त फार थकवा आला. लबाडी असती तर मला बळ आलं असतं. या माणसाने दोनदा तोंड बंद ठेवलं, दोन्ही वेळा त्या मुलीवर माया म्हणून, आणि त्या मायेखाली ती दबून गेली. गुपचूप केलेल्या चांगुलपणाशी भांडायचं कसं, कुणी सांगेल का मला?

हे इथेच थांबलं नाही. बुधवारी भाऊजी उत्पादन व्यवस्थापकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब, आपण त्यांना खुर्ची दिलीत, चहा मागवलात आणि म्हणालात, “काका, आता चार दिवसांवर निरोप आहे. कशाला स्वतःला डाग लावून घेता? जाऊ द्या. पोरीचं बघू आपण नंतर.” आपण हे वाईट मनाने म्हणाला नाहीत, हे मी जाणते. हा झाला तिसरा चांगुलपणा. म्हणून आज मी इथे उभी आहे.

भाऊजी परत माझ्याकडे आले. म्हणाले, “वहिनी, स्टेजवरून सांगा.” मी म्हटलं, तुमचा सत्कार आहे, तुम्हीच बोला. तर म्हणाले, “मी उभा राहिलो की लोक टाळ्या वाजवणार. टाळ्यांत कुणाला काही ऐकू येणार नाही. तुम्ही उभ्या राहिलात की गप्प बसतात.” हा माझ्याबद्दल त्यांनी आयुष्यात काढलेला एकमेव गौरवोद्गार आहे आणि मी तो स्वीकारते.

तेव्हा ऐका. त्या साच्यात धाकट्या बाईची चूक झाली, असं म्हणायला कुणाजवळही आधार नाही. तिचा साचा यंत्रावर चढलाच नाही. चढला तो निळेकाकांचा साचा. त्यांनी हे माझ्याकडून वदवून घेतलं आहे आणि ते माझ्या डावीकडे बसून मान हलवत आहेत, बघा.

आता तुम्ही विचाराल, बाई, तिचं गणित बरोबर होतं याची तुम्हाला खात्री आहे का? नाही. मला खात्री नाही. आयुष्यभर हे काम करूनही खात्री नाही. आपण ठोकळे पाडतो, उष्णता धरतो, दाब धरतो, आणि पोलाद त्यातलं किती ऐकतं ते यंत्रावर कळतं. पण जो अंदाज कधी पारखलाच नाही, तो चुकला असं म्हणणारे आपण कोण? सपाट साच्याने फ्लॅश दिला, म्हणून खोलगट साचा वाईट, हे कुठल्या शाळेतलं गणित? माझ्या यजमानांनी यासाठी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सुदैवाने या भागासाठी साच्यांचा जोड, म्हणजे एकसारखे दोन पूर्ण साचे, बनवला होता. दुसरा साचा मशीन शॉपमधून तसाच खोलगट होऊन आला आहे आणि मॅचिंगच्या खोलीत पडून आहे. त्याला सपाट करावं असा लेखी आदेश आहे. ते भाऊजींचं या कारखान्यातलं शेवटचं काम होतं. त्यांनी ते केलेलं नाही. आठवडाभर ते रोज त्या खोलीत जाऊन बसले, रंगाचा डबा उघडला आणि परत बंद केला. जाऊबाई सांगत होत्या, ते घरी आल्यावर त्यांचे हात स्वच्छ पाहून जाऊबाईंनाच भरून आलं.

तुम्हाला हे साधं वाटेल. पण ज्या माणसाने न जुळणारा साचा कधी खोलीबाहेर जाऊ दिला नाही, त्याला मधली ती फट तशीच सोडून द्यायला काय लागलं असेल? गुपचूप घासून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. सत्कार झाला असता, फोटो निघाला असता, धाकटी बाई शिक्के मारत बसली असती आणि मीही आज चार गोड शब्द बोलून खाली बसले असते. मला ते जास्त सोयीचं होतं. माझे पाय दुखताहेत.

अध्यक्ष महोदय, माझं मागणं एवढंच आहे. तो दुसरा साचा आहे तसा यंत्रावर चढवा, पण आधी नीट तापवा आणि माणसं लांब उभी करा. धाकट्या बाईला तिथे हजर ठेवा. फ्लॅश आला, तर विभाग खुशाल बंद करा. मी एक अवाक्षर काढणार नाही आणि तिलाही काढू देणार नाही. नाही आला, तर काय करायचं ते मी शिकवायला नको. आणि यापुढे मॅचिंगच्या खोलीत ड्रॉइंगची एक प्रत जावी. त्यावर तेलाचे डाग पडतील, पडू द्या.

आपण आत्ता मान हलवलीत. सचिवांनीही पाहिलं आहे. मी ती होकारार्थी धरते.

भाऊजी, तुमच्याबद्दल मी आज काही चांगलं बोलले नाही, असं घरी गेल्यावर मला ऐकवलं जाईल. तुम्ही माझ्याशी भांडताना कधी आवाज चढवला नाहीत. तुमच्या हाताखालून गेलेल्या साच्यांवर काम करणारी माणसं धडधाकट घरी गेली. आणि आज आपला मोठेपणा बाजूला ठेवून दुसऱ्याचं नाव स्वच्छ करायला तुम्ही मला इथे उभं केलंत. यापेक्षा गोड मला बोलता येत नाही, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

संयोजकांनी मला बोलावलं आणि मध्येच चिठ्ठी पाठवून खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या चहाला माझ्यामुळे उशीर झाला त्यांनी राग मानू नये. कुणाला शब्द लागला असेल, तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजून पोटात घालावा. मजकुराचा दोष समजू नये, कारण मजकूर तपासलेला आहे.

शेवटी, इथे व्यासपीठावर जे दिलं-घेतलं जात आहे ते मोठ्याने वाचते, म्हणजे उद्या कुणी विसरणार नाही. धाकट्या बाई, पुढे या. सगळे वाट बघतील.

दिलं ते: जोडातला दुसरा साचा, दोन्ही अर्धे, मॅचिंगच्या खोलीतल्या मांडणीवर आहेत तसे. मध्ये खोलगट. कडांना दगड किंवा कानस लागलेली नाही.

देणारे: मॅचिंग विभागाचे प्रमुख, आज निवृत्त.

घेणारी: संगणक विभागाची प्रमुख. सही केली.

साक्षीला: अध्यक्ष. सही केली.

शेरा, देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला: “थंड असताना जुळत नाही. बरोबर आहे.”